परत आलेल्यांची रांग

अल बर्शा, दुबई
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय छायाआत्या,

तू व्हॉइस नोट ऐकत नाहीस, व्हॉट्सॲपवर दोन ओळींच्या वर लिहिलं की रागावतेस, म्हणून लंच ब्रेकमध्ये रीतसर पत्र लिहितेय. मेलने का होईना, पत्रच आहे.

आमच्या वीरवंशजा महिला मंडळाचं तुला मागे सांगितलं होतं. ज्यांचे आजोबा-पणजोबा पहिल्या महायुद्धात लढले, त्यांच्या लेकी, नाती, पणत्यांचं हे मंडळ. सुनांना एन्ट्री नाही, रक्ताचंच नातं लागतं. रावजी पणजोबांचं पदक बाबांनी मला दिलं. त्याच्या कडेवर त्यांचा नंबर आणि नाव कोरलेलं आहे, म्हणून तीन वर्षांपूर्वी मला मेंबरशिप मिळाली. ८ नोव्हेंबरला वार्षिक स्मरणसोहळा आहे, इथेच बर्शातल्या एका हॉटेलात.

आता खरं सांगते. मंडळात तीन रांगा आहेत. ज्यांचे पूर्वज लढाईत कामी आले त्या पहिल्या रांगेत, त्यांना सोनेरी पट्टा. जखमी झालेल्यांच्या दुसरीत, चंदेरी पट्टा. आणि जे धडधाकट परत आले त्यांच्या आम्ही तिसरीत, तांबडा पट्टा. चहा, खुर्च्या आणि समोसे तिसऱ्या रांगेने बघायचे. तीन वर्षं मी समोसे बघतेय. यंदा समई पेटवायचा मान सोळा वर्षांच्या एका मुलीला द्यायचा ठरलाय. आपली सान्वी सोळाचीच आहे, पण मान जाणार पहिल्या रांगेच्या घरात. अध्यक्षा अनुराधाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हेमा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझे पणजोबा जरा लवकरच परत आले गं." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि घरी येऊन रडले. सुजीत म्हणाला, "खलास, सोडून दे ते मंडळ." नवऱ्यांना काय कळतंय त्यातलं.

स्मरणिकेसाठी पणजोबांवर दोनशे शब्द हवेत. तू त्यांना पाहिलेलं आहेस. जरा शूर वाटेल असं लिहून दे ना. प्लीज.

तुझी,
हेमा


रास अल खैमा
१५ सप्टेंबर २०२५

चि. हेमा,

आशीर्वाद. तुझं पत्र मी निखिलला मोठ्याने वाचून दाखवलं. माझा लेक दिवसभर टाइल्सच्या कारखान्यात डोकं शिजवून घरी येतो, त्याची तेवढीच करमणूक. त्याला वाटलं, आई पदरचं घालून सांगतेय.

अगं, सातारच्या नगरपालिकेत मी एकतीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्या. सावकार मेला काय, हमाल मेला काय, दोघांना रकाना एकच. मेलेल्यांना सोनेरी, चंदेरी नि तांबडं करणारं मंडळ मी बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा ऐकतेय. त्यातही मेला तो पास, आणि जिवंत परत आला तो नापास! तुमच्या त्या अनुराधेचा पूर्वज गोळी लागून गेला, त्यात तिचं कर्तृत्व काय? तिने ढकललं होतं का त्याला? घरात झुरळ निघालं तर मेडला हाक मारणाऱ्या बायका, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या रक्तावर सोनेरी पट्टे लावून मिरवतात. लाजा नाहीत.

एक ध्यानात ठेव. तुझे पणजोबा परत आले म्हणून तुझे आजोबा जन्मले, म्हणून तुझा बाप जन्मला, म्हणून तू आज दुबईत बसून समोशांवर लक्ष ठेवतेयस. त्या माणसाने परत यायचा गुन्हा केला नसता तर तुमच्या तिसऱ्या रांगेत एक खुर्ची कमी लागली असती, इतकंच.

शूर वाटेल असं लिही म्हणतेस. मी तेरा वर्षांची होईपर्यंत ते होते. मांडीवर घेऊन शेंगा सोलून द्यायचे. मिशा नव्हत्या, आवाज चढवायचे नाहीत, लढाईचं नाव काढायचे नाहीत. पहाटे आधी उठून आजीसाठी चूल पेटवायचे. त्या काळात! आळीतले पुरुष हसायचे, हे त्यांना हसू द्यायचे. छापतील हे तुमच्या स्मरणिकेत? नाही ना? मग माझ्याकडे दोनशे शब्द नाहीत.

सान्वीला सांग, समई आपल्या घरात पण आहे.

तुझी आत्या,
छाया


अल बर्शा
२ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

दसऱ्याच्या खूप खूप शुभेच्छा, आणि बातमीही दसऱ्याला शोभेल अशीच! आत्या, पणजोबा परत आलेच नव्हते! ते १९१६ मध्येच तिकडे इराकमध्ये, बसऱ्याला वारले!

मंडळात शुभ्रा म्हणून एक मुलगी आहे, डेटा ॲनालिस्ट. सहज म्हणून तिने लढाईत गेलेल्या शिपायांच्या याद्या शोधल्या. रावजी उतेकर, जिल्हा सातारा, बसरा, १९१६. पदकाच्या कडेवरचा नंबर आणि यादीतला नंबर अगदी सेम. मला ऑफिसात फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्येच ओरडले. आमचा पाकिस्तानी मॅनेजर यहया विचारायला लागला, क्या हुआ, प्रमोशन? मी म्हटलं, उससे भी बडा.

अनुराधाताईंनी मिठी मारली, म्हणाल्या, "अभिनंदन!" तांबडा पट्टा काढून घेतला आणि सोनेरी दिला. पहिल्या रांगेची ठरलेली काठाची साडी पण घेतली, चारशे दिरहम, म्हणजे साडेनऊ हजार झाले, पण आता लागणारच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे समई सान्वी पेटवणार! तिला सांगितलं तर म्हणते, "मॉम, यू आर हॅपी ही डाइड?" आजकालच्या मुलांना फीलिंग्जच नाहीत.

तू मांडीवर बसल्याचं लिहिलंस, ते बहुतेक दुसरे कोणी आजोबा असतील. लहानपणीच्या आठवणी अशा मिक्स होतात. मी तुला दोष देत नाही हं.

तुझी आनंदी,
हेमा


रास अल खैमा
४ ऑक्टोबर २०२५

चि. हेमा,

पणजोबा मेल्याचे पेढे वाटणारी तू आपल्या घराण्यातली पहिलीच. आनंद ओसरला असेल तर जरा बोटं मोजायला घे.

तुझे आजोबा, म्हणजे माझे वडील, १९२१ साली जन्मले. तुझ्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा बाप १९१६ साली बसऱ्याला गेला. म्हणजे माझ्या आजीने पाच वर्षं पोटात मूल वागवलं. हत्तीणसुद्धा दोन वर्षांत मोकळी होते गं! एवढी मोठी डेटा ॲनालिस्ट तुमची, तिला वजाबाकी येत नाही? की सोनेरी पट्टा लावला की वजाबाकी माफ असते?

आता सांगते ते मुकाट्याने ऐक. हा शोध होता तिथे ठेव. रावजी उतेकर काय जगात एकच झाला? इंग्रजांचे कारकून वाट्टेल तसे नंबर लिहायचे, मी कारकून होते, मला विचार. तिसरी रांग बरी आहे, चहाजवळ आहे. तांबडा पट्टा परत माग, साडी परत कर आणि वंशावळ वगैरे कुणाला देऊ नकोस. फोनवर तुझ्या बापाशी, सुरेशशीही बोलू नकोस या विषयावर.

आत्या


अल बर्शा
९ ऑक्टोबर २०२५

आत्या,

उशीर झाला. स्मरणिकेचं प्रूफ सगळ्या मेंबरांच्या ग्रुपवर गेलं. त्यात आपला वंशवृक्ष आहे. वर रावजी, १८९३ ते १९१६, आणि त्यांच्या खाली आजोबा, जन्म १९२१. कुणीतरी नुसता कॅलेंडरचा इमोजी टाकला. त्याखाली सतरा जणींचे हसरे चेहरे. काहीजणी तर पंधरा वर्षांपासूनच्या मैत्रिणी आहेत माझ्या.

अनुराधाताईंनी घरी बोलावलं. चहा दिला, खूप गोड बोलल्या. मग म्हणाल्या, "हेमा, एक तर छापणारा चुकलाय, नाही तर तुझी पणजी चुकलीय. कोण, ते तू ठरव." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी म्हटलं, छापणारा. आता सोपं आहे सगळं. आजोबांचा जन्म १९१५ चा करायचा. तू रिटायर्ड नोंदणी कारकून, तुझ्या सहीचं एक पत्र पुरेसं आहे, असं त्याच म्हणाल्या. आणि पणजीसाठी त्यांनी खास सन्मान ठरवलाय, ‘अखंड वीरपत्नी तानूबाई’. सतराव्या वर्षी विधवा झाली आणि पुढची अठ्ठावन्न वर्षं पांढऱ्या कपाळाने वीराच्या आठवणीत काढली! हे मला आधी सुचलंच नव्हतं. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शाल तू स्वीकारायचीस, सख्खी नात म्हणून.

आणि प्लीज, कारकुनाची चूक वगैरे परत सुरू करू नकोस. नंबर जुळतो. शिवाय बाबांकडून आजोबांचा १९९४ चा मृत्यूचा दाखला मागवला. वडिलांचं नाव : रावजी. अक्षर तुझं, सही तुझी. मग तूच सांग, चूक कारकुनाची आहे का?

हेमा


रास अल खैमा
१३ ऑक्टोबर २०२५

चि. हेमा,

हो. चूक कारकुनाची आहे. त्या कारकुनाचं नाव छाया.

चार दिवस मी जेवले नाही धड. निखिल विचारून थकला. पांढऱ्या कपाळाने! अगं, मी माझ्या आजीला रोज सकाळी कपाळभर कुंकू लावताना पाहिलंय, आधी मेण, मग कुंकू, आणि आरसा धरायला मी. १९६६ पर्यंत. ती विधवा झाली १९६६ साली, माझे आजोबा गेले तेव्हा. आणि माझ्या आजोबांचं नाव रावजी नव्हतं. विष्णू होतं.

नीट ऐक, एकदाच सांगणार आहे. रावजी आणि विष्णू सख्खे चुलतभाऊ. रावजी पलटणीत शिपाई, आणि विष्णू त्याच मोहिमेवर खेचरवाला. बंदूक नाही, खेचरं हाकायची, पाणी वाहायचं. रावजी बसऱ्याला मेला, ते खरं. पण गोळी लागून नाही, हगवणीने मेला. शेवटचे नऊ दिवस त्याला धुतलं, पुसलं, पाणी पाजलं ते विष्णूने. १९१९ साली विष्णू परत आला, रावजीचं सामान घेऊन. तानूबाई वीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. वर्षभराने दोघांचा पाट लागला. तुला पाट माहीत नसेल. आपल्यात विधवेचं दुसरं लग्न लागायचं, त्याला पाट म्हणत. वाजंत्री नाही, मांडव नाही, पण पंचांसमोर, राजरोस. त्यात चोरी काहीच नव्हती. पुढे चार पोरं झाली. थोरले माझे वडील, १९२१.

रावजीचं पदक घरी आलं ते विष्णूआजोबांनीच खिळा ठोकून भिंतीवर लावलं. दर दसऱ्याला स्वतः चिंचेने घासायचे. आजी म्हणायची, "असू दे, त्याचं कोण आहे दुसरं?" त्यांच्या घरात मेलेल्याला जागा होती. तुमच्या मंडळात जिवंतालाही नाही.

मग हे दडलं कसं? घराला पैसा आला, तसा मानपानही आला. पाट लावणारे ते हलके, असं आपलेच लोक म्हणू लागले. सुरेशसाठी तुझ्या आईच्या माहेरचं स्थळ आलं, मोठं खानदान. त्यांनी भिंतीवरचं पदक पाहिलं, आजोबांचंच का विचारलं, आणि सुरेश हो म्हणाला. मी तिथेच पोहे देत होते. १९९४ साली वडील गेले. नोंदवही माझ्या पुढ्यात. सुरेश टेबलाला टेकून म्हणाला, "अक्का, रावजीच लिही, सासरची माणसं दाखला बघणार आहेत." एकतीस वर्षं मी लोकांना दरडावलं. बापाचं नाव नीट सांगा, खोटं लिहिणार नाही, चालते व्हा. आणि स्वतःच्या बापाच्या वेळी खोटं लिहिलं. पेन उचललं नि लिहिलं. तुझ्या मंडळाला हसले त्या दिवशी मनात हेच टोचत होतं, पण हसताना बरं वाटलं.

सोबत माझं सहीचं पत्र आहे, तू मागितलंस तसं. त्यात लिहिलंय की माझ्या वडिलांचे वडील विष्णू उतेकर, खेचरवाले, आणि ९४ सालची नोंद मी खोटी केली. हे दे तुझ्या अनुराधेला. १९१५ चं पत्र मिळणार नाही. तिने पणजीला चुकली म्हटलं आणि तू तिथे बसून चहा प्यालीस, हे मी विसरायचा प्रयत्न करतेय.

छाया


अल बर्शा
२१ ऑक्टोबर २०२५

आत्या,

दिवाळीच्या शुभेच्छा.

तुझं पत्र मी कुणालाही दिलं नाही, डिलीट केलं. १९१५ मीच टाइप केलं. कुणी पुरावा मागितला नाही. स्मरणिका छापून आली, छान झालीय.

तू म्हणतेस ते खरं असेलही. पण विचार कर, खरं सांगून मी कोण उरते? रक्ताचं नातं नाही म्हणजे मेंबरशिपच रद्द. तिसरी रांगसुद्धा नाही. सान्वीने तिच्या सगळ्या शाळेला सांगितलंय. खेचरवाल्याच्या खापरपणतीला समई कोण पेटवू देणार? आणि कोणाचं नुकसान होतंय? सगळे गेलेले आहेत. त्यांना काय फरक पडतो?

कार्ड पाठवतेय. ८ तारखेला निखिल तुला आणून सोडेल. पहिल्या रांगेत बस, शाल घे, नमस्कार कर. काही बोलू नकोस. एकतीस वर्षं गप्प बसलीस, अजून एक संध्याकाळ बस. माझ्यासाठी नाही, सान्वीसाठी.

हेमा


वीरवंशजा महिला मंडळ, दुबई
१० नोव्हेंबर २०२५

श्रीमती छाया यांस,
स. न. वि. वि.

दि. ८ रोजीच्या स्मरणसोहळ्यात आपल्या वर्तनाने मंडळाची जी अप्रतिष्ठा झाली त्याबद्दल कार्यकारिणी तीव्र खेद व्यक्त करते. ‘अखंड वीरपत्नी’ सन्मानाची शाल स्वीकारल्यावर आपण आभाराचे दोन शब्द बोलण्यासाठी माइक मागितलात आणि चौदा मिनिटे तो परत दिला नाहीत. या अवधीत आपण ‘हगवण’ हा शब्द पाच वेळा उच्चारलात. तेव्हा कॉन्सुलेटमधील मान्यवरांना सूप देण्यात येत होते.

ज्या पूज्य मातेच्या वैधव्यासाठी सभागृह दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले होते, तिचा दुसरा घरोबा झाला होता व ती सुखात होती, असे आपण जाहीर केलेत. वर ‘तुम्हाला बाई सुखात असलेली चालत नाही का?’ असा प्रश्न आपण अध्यक्षांकडे बोट दाखवून विचारलात. हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

मंडळाच्या घटनेनुसार खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी व तत्सम यांचे वंशज सदस्यत्वास पात्र नाहीत. सबब सौ. हेमा यांचे सदस्यत्व पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यात येत आहे. चि. सान्वी हिच्या हस्ते पेटलेली समई विझवून ती पहिल्या रांगेतील कु. अवनी हिच्या हस्ते पुन्हा पेटवण्यात आली, याची नोंद घ्यावी.

शाल परत करावी. ड्रायक्लीन करून.

आपली विश्वासू,
अनुराधा सरनौबत
अध्यक्षा


अल बर्शा
१६ नोव्हेंबर २०२५

आत्या,

तुझा फोन मी मुद्दामच घेतला नाही. अजूनही राग गेलेला नाही, हे आधी सांगते. तू माझा तमाशा केलास. सुपाचे चमचे थांबले होते, तुला दिसलं नसेल, मला दिसत होतं. सतरा जणींनी मला ग्रुपमधून काढायच्या आधी एकमेकींना विचारलंही नाही. ज्या शुभ्राने शोधून काढलं तीच सगळ्यात आधी उठून लांब बसली. लुलूमध्ये भाजी घेताना त्यातली एकजण भेटली, तिने कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत मान वर केली नाही.

त्यांनी सान्वीच्या डोळ्यांसमोर समई विझवली. फुंकून. घरात कुणी फुंकून समई विझवतं का? तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या बायकांना काहीच माहीत नाही. आणि मी यांच्यासाठी पणजीचं कुंकू पुसलं.

मला वाटलं सान्वी गाडीत रडेल. पोरीने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "सो द म्यूल मॅन इज अवर्स?" मी हो म्हटलं. म्हणाली, "ही वॉश्ड हिम फॉर नाइन डेज? अँड देन ही केम बॅक अँड लव्ह्ड हर?" मी परत हो म्हटलं. तर म्हणते, "शो मी." सुजीतने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी फोनमध्ये शोधल्यासारखं केलं. माझ्याकडे पदकाचे चाळीस फोटो आहेत, पुढून, मागून, कडेवरच्या नावाचे. विष्णू पणजोबांचा एकही नाही. ते दिसायचे कसे, हेसुद्धा मला माहीत नाही.

तुझ्याकडे असेलच. पाठव. सान्वी रोज विचारते.

शाल कुरिअर केली. ड्रायक्लीन केली नाही.

हेमा


रास अल खैमा
१९ नोव्हेंबर २०२५

चि. हेमा,

फोटो नाही.

होता. एकच होता, सातारच्या एका स्टुडिओत काढलेला, आजी खुर्चीवर आणि आजोबा शेजारी उभे. फोटोवाल्याने उलटं बसायला सांगितलं होतं म्हणे, पुरुष खुर्चीवर आणि बाई उभी. हे म्हणाले, तिचे पाय दुखतात. ९४ साली वडिलांच्या तेराव्याला तुझ्या आजोळची माणसं येणार होती. फोटोखाली नाव लिहिलेलं होतं, विष्णू आणि तानूबाई. सुरेश म्हणाला, काढून ठेव. मी काढून ठेवला नाही. ठेवला तर कधीतरी सापडेल, म्हणून चुलीत घातला. आजी माझ्याकडे बघत होती त्यात, जळेपर्यंत. तुझ्या त्या सतरा जणींनी समई फुंकली ती परक्याची. मी माझ्या माणसांना स्वतःच्या हाताने जाळलं. तेव्हा त्या बायांना मी माइकवरून जे जे बोलले ते सगळं माझ्याकडेही येतं, आणि मला ते कबूल आहे.

माझं वागणं तुला लागलं, त्याची माफी मागत नाही. सान्वीची मागते.

तिला सांग, ते उंच नव्हते. उजवा खांदा खाली झुकलेला, ओझं वाहून. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसताना हात तोंडावर यायचा. रंग तिच्या आईसारखा, सावळा. आजीला हाक मारायचे ती नावाने, "तानू", आणि ऐकणारे दचकायचे. मला एवढंच आठवतं. रोज थोडं कमी आठवतं.

आता काम. मी नगरपालिकेला अर्ज टाकलाय, नोंद दुरुस्तीचा. वडिलांचं नाव रावजी खोडून विष्णू. त्याला दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं लागतात, ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय अशा दोघांची. हा नियम मी शेकडो लोकांना खिडकीतून ऐकवलाय, दुसरा साक्षीदार नाही म्हणून म्हाताऱ्या बायकांना परत पाठवलंय. पहिलं प्रतिज्ञापत्र मी केलं. दुसरं करू शकेल असं माणूस जगात एकच उरलंय, तुझा बाप. आजोबा गेले तेव्हा सुरेश दहा वर्षांचा होता, त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा हिंडलाय. त्याला सगळं आठवतं.

मी विचारलं. त्याने फोन ठेवला. म्हणून आता तू विचार, आणि या वेळी रडून नाही, ठणकावून विचार. मी बहात्तरची आहे, तो एकोणसत्तरचा. आमच्यातलं एक गेलं की अर्ज बाद होतो. त्याने सही केली नाही तर तुमची बसऱ्याची यादी आणि माझी नोंदवही शेजारी शेजारी ठेवून कुणीही वजाबाकी करेल, आणि माझी आजी कायमची तीच राहील, नवरा मेल्यावर पाच वर्षांनी कुणाचं तरी मूल झालेली बाई. तेही माझ्या अक्षरात.

तुझी आत्या,
छाया